शाळेचे स्वतःचे छप्पर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मुरगूड येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला शिक्षणाविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय अफाट आणि माझी तयारी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरती व त्यापुढील अध्यापक विद्यालयाच्या दोन वर्षांपुरती. म्हणून शिक्षणाचे तत्त्वज्ञान विद्वानांच्या स्वाधीन करून, सदतीस वर्षे ज्याच्याखाली उभे राहून मी शिकविले त्या छपराविषयीच आज बोलावे असे मी योजिले आहे. छप्पर हा विषय आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु डोक्यावर पाणी ठिबकत असताना मुलाच्या डोक्यात त्रैराशिक शिरत नाही, हे माझ्या पाहण्यातले आहे.

आपण मुरगूडकर कागल जहागिरीतली माणसे. शाहू छत्रपती कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, आणि त्यांचे बंधू पिराजीराव यांच्या नावाचा तलाव आजही आपल्या गावाच्या शेजारी भरतो. तेव्हा शाहूमहाराजांचा दाखला मी दिला तर तो घरचाच दाखला झाला. १९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळी मजुरी करणाऱ्या घरात रुपया ही काही लहान रक्कम नव्हती. १९१८ च्या मार्चमध्ये करवीर पेट्यातील चिखली येथे या सक्तीच्या शाळांचा आरंभ झाला. १९१७-१८ साली अशा शाळा २७ होत्या व त्यांत १,२९६ मुले होती. १९२१-२२ साली शाळा ४२० झाल्या आणि मुले २२,००७.

हे आकडे पुष्कळ भाषणांत ऐकू येतात. पण ती बावीस हजार मुले बसली कोठे, हे कोणी विचारीत नाही. चार वर्षांत चारशे इमारती उभारणे कोणत्याही खजिन्याला शक्य नव्हते. महाराजांनी इमारतींची वाट पाहिली नाही. देऊळ असेल तर देवळात, चावडी असेल तर चावडीत, धर्मशाळा असेल तर धर्मशाळेत शाळा भरविली. आधी इमारत आणि मग मुले, असा सल्ला त्यांनी ऐकला असता तर आपल्या आज्यापणज्यांपैकी कित्येकांना अक्षरओळख झाली नसती. तो निर्णय योग्यच होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

तथापि उसन्या जागेला एक मालक असतो. देऊळ ही गावाची जागा खरी. पण त्या काळी ती सर्व गावाची नव्हती. देवळाच्या ओवरीत शाळा भरली म्हणजे अस्पृश्य मानलेल्या घरांची मुले पायरीखाली राहत. चावडीत भरली तर वसुलीच्या दिवशी मुलांना सुट्टी. धर्मशाळेत भरली तर उतारू आले की पाट्या आवरा. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. हा हुकूम जेथे शाळा देवळात होती तेथे पाळणे किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. उसन्या जागेत बसलेले मूल पाहुणे असते, आणि पाहुण्याला यजमानाच्या मर्जीप्रमाणे बसावे लागते व सांगेल तेव्हा उठावे लागते. शाळेची स्वतःची इमारत ही गावातली एकच जागा अशी की जेथे कोणत्याही घरचे मूल हक्काने जाऊन बसते. पक्की इमारत मी मागतो ती शोभेसाठी नव्हे, या कारणासाठी.

माझी पहिली नेमणूक १९७८ साली डोंगराकडील एका वाडीवर झाली. शाळेची जुनी खोली पावसात खचली होती आणि तिच्या जागी जस्ती पत्र्याची शेड 'तात्पुरती' म्हणून उभी केलेली होती. पत्र्याचे गुण मी नाकारीत नाही. तो स्वस्त पडतो, चार दिवसांत चढतो आणि नवा असेतो गळत नाही. परंतु मृग लागल्यापासून गणेशचतुर्थीपर्यंत त्याच्याखाली कोणाचा शब्द कोणाला ऐकू येत नाही. सर आली की मी बोलणे थांबवून फळ्यावर लिहीत असे आणि मुले पाटीवर उतरून घेत. त्या वर्षी मुलांचे हस्ताक्षर उत्तम झाले, पण कविता एकही पाठ झाली नाही. मार्च उजाडला की तोच पत्रा तापून दुपारी आत बसवत नसे, म्हणून सकाळची शाळा. पहिली ते चौथी असे चार वर्ग, शेड एक, मध्ये तट्ट्या. तट्ट्या नजर अडविते, आवाज अडवीत नाही. त्यामुळे पहिलीतल्या मुलांना चौथीचे पाढे आधी येत आणि मुळाक्षरे मागाहून. पुढे बारा वर्षांनी बदली होऊन मी पुन्हा त्या भागात गेलो, तेव्हा शेड होती तेथेच होती. पत्रे तेवढे गंजून तांबडे झाले होते.

आपला पिढीजात धंदा शिवणाचा. कच्चा टाका कशासाठी घालतात हे या सभेत मी सांगावयास नको. कापड जागेवर राहावे म्हणून तो घालावयाचा आणि पक्की शिवण पडली की ओढून काढावयाचा. कच्च्या टाक्यावरच सदरा गिऱ्हाइकाच्या हाती ठेवणारा शिंपी दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसू शकणार नाही. सार्वजनिक कामात मात्र कच्च्या टाक्यावर माणसाचे सबंध बालपण निघून गेले तरी कोणी विचारीत नाही.

येथे कोणी म्हणेल की गुरुदेव टागोरांच्या शांतिनिकेतनात तर वर्ग झाडाखाली भरतात. भरतात खरे. पण तेथे झाड आवडीने निवडलेले असते आणि पाऊस आला तर जावयाला मागे इमारती असतात. शिवाय आपण सह्याद्रीच्या पायथ्याशी राहतो. वेदगंगेवरचे बंधारे पाण्याखाली जातात त्या दिवसांत झाडाखाली वर्ग भरवून दाखवावा, मग मी त्या गृहस्थांच्या पाया पडेन.

गर्दीचा हिशेब तर अगदी चौथीच्या मुलालाही करता येईल असा आहे. वीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद खोली म्हणजे ३२० चौरस फूट. आम्ही मास्तर लोक मुलामागे दहा चौरस फूट धरीत असू. म्हणजे बत्तीस मुले, आणि त्यातूनच फळा, टेबल व दाराची वाट काढावयाची. त्या खोलीत साठ मुले बसविली की प्रत्येकाच्या वाट्यास सव्वापाच फूट येतात. मग दप्तर मांडीवर, वही दप्तरावर. तिसऱ्या रांगेपलीकडे मास्तराचा पाय पोचत नाही, आणि जेथे पाय पोचत नाही तेथली वही तपासली जात नाही. मागच्या भिंतीशी कोण बसतो? जो उशिरा येतो तो. आणि उशिरा तो येतो ज्याला घरी आधी शेण काढावे लागते, पाणी भरावे लागते, धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते. वर्षाअखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात मागे' असा शेरा पडतो. तो बसण्यातच मागे होता, हे लिहिण्यास त्या पुस्तकात जागा नसते.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. उसन्या जागेत स्वच्छतागृह नसते, किंवा असले तरी कुलूप लावलेले असते. सहावी-सातवीतल्या मुली दुपारनंतर दिसेनाशा होतात आणि काही महिन्यांनी सकाळीही येत नाहीत. आईबाप कारण सांगतात घरकामाचे. भगिनींनो, खरे कारण आपण जाणता.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडात १९४४ साली शिक्षणाचा मोठा कायदा झाला आणि त्यानुसार १९४७ साली शाळा सोडण्याचे वय चौदावरून पंधरा वर्षांवर नेले. एका वर्षाची सगळी मुले वाढली. युद्धाने खचलेल्या देशाजवळ त्यांच्यासाठी खोल्या नव्हत्या. म्हणून सरकारने साच्यातून काढलेल्या काँक्रीटच्या झोपड्या देशभर उभ्या केल्या. त्या काही वर्षांपुरत्या होत्या. त्यांतील कित्येकींत त्या मुलांच्या नातवंडांनी धडे गिरविले. आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत देशाची ही कथा आहे. यावरून दिसते की पैसा नसणे हे एक कारण झाले, पण सर्व कारण नव्हे. डोक्यावर काहीतरी आच्छादन आले की अधिकाऱ्याच्या मनातला बोचरा काटा निघतो, आणि बोचल्यावाचून सरकारी काम हलत नाही.

आपल्याकडे कायद्यांची उणीव नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा' मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत उपयोगी पडतील अशा निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, असे तिचे म्हणणे होते. त्या मोहिमेने पुष्कळ वाड्यांना पहिली पक्की खोली दिली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. पुढे २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृहे, पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक, ही त्याची मापे आहेत. इमारतींची पूर्तता तीन वर्षांत करावयाची होती. ती मुदत ३१ मार्च २०१३ रोजी संपली. त्यालाही एक तप उलटून गेले.

मग घोडे अडते कोठे? हे समजून घेण्यासाठी अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, निंबोडीचे उदाहरण पाहावे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत पावसात कोसळले आणि तीन मुले दगावली. सगळा जिल्हा हादरला. गावोगावच्या धोकादायक खोल्यांची मोजणी झाली आणि त्या पाडण्याचा हुकूम निघाला. खोली पाडण्याला सरकारी भाषेत 'निर्लेखन' असा भारदस्त शब्द आहे. खोल्या पाडल्या; पण पाडल्या त्या गतीने बांधल्या गेल्या नाहीत, आणि कित्येक गावांतील मुले देवळात, समाजमंदिरात, कोणाच्या पडवीत जाऊन बसली. शंभर वर्षांपूर्वी जेथे बसली होती तेथेच.

पाडण्याचा कागद एका टेबलावरून जातो आणि बांधण्याचा दुसऱ्या. पाडण्याच्या कागदामागे भीतीचा रेटा असतो, म्हणून तो लवकर सुटतो. बांधण्याच्या कागदाला निधी लागतो. तो समग्र शिक्षेतून यावयाचा की जिल्हा नियोजन समितीकडून, हे ठरण्यातच एक पावसाळा जातो. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, आणि दर परवडत नाही म्हणून पुन्हा निविदा. या दोन कागदांच्या मधले जे अंतर असते, त्यात मुले बसलेली असतात. माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे उपाय एवढाच की हे दोन्ही कागद एकाच टाचणीत असावेत. ज्या दिवशी निर्लेखनावर सही होईल त्याच दिवशी मुले कोठे बसतील, किती महिने बसतील आणि नवी खोली कोणत्या निधीतून होईल, हे त्याच कागदावर लिहिलेले असावे.

धोक्याची खोली उभी ठेवा असे मी म्हणतो, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. गेल्या २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेचे छत पडून सात मुले मेली. आणि तात्पुरत्या छपराचा धोकाही निराळा सांगावयास नको. तमिळनाडूत कुंभकोणम् येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातील जाळ गवती छपराला लागला, आणि चौऱ्याण्णव बालके जळून गेली. चौऱ्याण्णव. ज्याने हजेरीपट घेतला आहे त्याला तो आकडा वाचताना नावे ऐकू येतात.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. आता गावच्या शाळांत मुले राहिली आहेत कोठे, पिवळ्या बसमध्ये बसून ती इंग्रजी माध्यमाकडे जातात, असे लोक म्हणतात. काही वाड्यांपुरते ते खरे आहे. पटसंख्येअभावी शाळा बंद पडण्याची भीती तेथे आहे. परंतु ती मुले का गेली याची कारणे शोधताना एकदा वर मान करून छपराकडेही पाहावे. ज्या बापाला परवडते तो मुलाला पक्क्या खोलीकडे घेऊन जातो. ज्याला परवडत नाही त्याचे मूल शेडमध्ये उरते. तयार कपड्यांच्या दुकानांनी आपला धंदा खाल्ल्यापासून आपल्या ज्ञातीत दुसऱ्या प्रकारची घरे थोडी नाहीत. ती आज या सभेतही बसलेली आहेत. मी नावे घेत नाही.

पक्की इमारत एकदा झाली की जन्माचे काम झाले, हाही भ्रम आहे. इंग्लंडात १९५० नंतरच्या काही दशकांत हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या फळ्या वापरून शाळा बांधल्या. त्यांचे आयुष्य तीसेक वर्षांचे. २०२३ च्या ऑगस्टअखेर, शाळा उघडण्याच्या तोंडावर, शंभरावर शाळांना इमारती वा त्यांचे भाग वापरू नका असे सांगण्याची पाळी आली, आणि ती मुले पुन्हा तात्पुरत्या खोल्यांत गेली. आपले वडील मृगापूर्वी घराची कौले चाळून घेत. शाळेच्या छपराची पाहणी कोण करतो? सरकारचा माणूस येईल तेव्हा येईल. कोणते कौल सरकले, कोणत्या भिंतीला ओल आली, हे वर्गात रोज बसणाऱ्या मुलाला आधी दिसते. त्याला विचारावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत आपल्या जिल्ह्यातील पूरग्रस्तांनी पुष्कळ ठिकाणी शाळांच्या इमारतींतच आसरा घेतला. तेव्हा त्या भिंती मजबूत असाव्यात असे सर्वांना वाटले. पाणी ओसरले आणि ती आठवणही ओसरली.

आता मंडळाच्या कामाकडे वळतो. आपल्या सभागृहावर दुसरा मजला चढविण्याचा विषय आजच्या पत्रिकेवर आहे. त्यास माझा विरोध नाही. परंतु कोल्हापुरात १९०१ पासून ज्ञातीज्ञातींची बोर्डिंगे निघाली आणि १९०८ साली आपल्या समाजाचे नामदेव बोर्डिंग निघाले, ती परंपरा मुलांसाठी जागा करण्याची आहे, हे मजला चढविताना ध्यानात असावे. माझी सूचना अशी की मुरगुडातील कोणत्याही शाळेची खोली धोक्याची ठरून पाडली गेली, तर नवी होईपर्यंत आपले सभागृह त्या वर्गासाठी विनाभाडे द्यावे. लग्नसराई सोडली तर ते बहुतेक रिकामेच असते.

मात्र ते काही अटींवर द्यावे. वर्गात येणारे मूल कोणत्याही जातीधर्माचे असो, ते पुढच्याच दाराने येईल. मुलींसाठी स्वच्छतागृहाची किल्ली बाईंच्या हाती राहील. लग्नाची तारीख आली म्हणून वर्ग उठवावयाचा नाही; भाडे बुडेल ते मंडळाने सोसावे. ही शेवटची अट पुष्कळांना जड जाईल, हे मला दिसते. पण ती मान्य नसेल तर आपणही मुलांना धर्मशाळेतल्यासारखे वागविणार, मग न दिलेले बरे.

आणखी एक अट शासनासाठी आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जागा दोन शैक्षणिक वर्षांपुरतीच द्यावी, तसे लेखी घ्यावे, आणि दर सहा महिन्यांनी नव्या खोलीचे काम कोठवर आले याचे उत्तर जिल्हा परिषदेकडून किंवा नगरपरिषदेकडून, ज्यांची शाळा असेल त्यांच्याकडून, मागावे. कारण आपला परोपकार हाच उद्या खात्याला निमित्त होईल. मुलांची सोय झालेली आहे असा शेरा एकदा कागदावर पडला की तो कागद तळाशी जातो. आपण मुदत घातली नाही तर आपले सभागृह हीच नवी शेड ठरेल.

शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया. आपल्यापैकी कित्येकजण या समित्यांवर आहेत आणि सही करण्यापुरते जातात. त्यांनी यापुढे सभेत खोल्यांचा प्रश्न काढावा: किती वापरात, किती धोक्याच्या, कोणाचा अर्ज केव्हा गेला. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. तोंडी उत्तर मास्तराच्या बदलीबरोबर गाव सोडून जाते, हे मी आमच्या व्यवसायाच्या अनुभवाने सांगतो.

हा ठराव मी लिहून चिटणीसांच्या स्वाधीन केला आहे. अनुमोदक म्हणून दोघांच्या सह्या आहेत, त्यांत एक सही भगिनीची आहे. दुसऱ्या मजल्याच्या ठरावाआधी तो घ्यावा की नंतर, हे अध्यक्षमहाराजांनी ठरवावे. मतदान होईपर्यंत मी येथेच बसणार आहे.